नुसतं चालू होते का बघितलं

सोमवारी अकरा वाजता आष्टीच्या शाळेत तृप्तीचा नोकरीसाठी नमुना पाठ होता. गुरुवारी संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढता काढता तिच्या मनात आलं, की गाडी एकदा चालू करून बघावी. कुठं जायचं नव्हतं. ऐनवेळी दगा नको, एवढंच. तिनं कपडे खांद्यावर टाकले, गाडीत बसून चावी फिरवली, इंजिन लागलं, तिला हायसं वाटलं आणि तिनं चावी बंद केली. उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?

पुढं परतूरच्या त्या गल्लीत जे काही घडलं त्याची सुरुवात एवढीच.

तृप्ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती, वर बी.एड. ठमी झाल्यापासून (ठमी म्हणजे तिची दीड वर्षाची मुलगी, जन्मदाखल्यावर चांगलं नाव आहे, पण ते अजून कुणी वापरायला काढलेलं नाही) हे सगळं शिक्षण औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यात खर्ची पडत होतं. दुपारी ठमी झोपली की तृप्ती तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. बोटाला वारा लागला की समाधान व्हायचं. भांडी घासून होईपर्यंत ते समाधान शिळं व्हायचं, मग पुन्हा ओलं बोट. कधी कधी त्या ओल्या बोटानंच ठमी जागी व्हायची आणि असा टाहो फोडायची, की तिचा श्वास उत्तम चालू असल्याचं सगळ्या गल्लीला कळायचं.

अशा बाईला नोकरी मिळायची वेळ आली होती. घरातून परवानगीही होती, पण तिला एक अट चिकटलेली होती. सासरे काकासाहेब म्हणाले होते, बसच्या भरवशावर नोकरी नको; बस आली तर आली. घरात गाडी आहे, गाडीनं जायचं, गाडीनं यायचं, ठमी दुपारची उठायच्या आत दारात. आणि गाडीनं ऐनवेळी दगा दिला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तृप्तीनं मान डोलावली होती. म्हणजे तिची नोकरी ही शिक्षणसंस्थेच्या हातात जेवढी होती, तेवढीच दारातल्या त्या पांढऱ्या, अठरा वर्षं जुन्या गाडीच्याही हातात होती.

काकासाहेबांच्या शब्दाला गाडीच्या बाबतीत वजन होतं. उभी हयात बाजार समितीत गेलेली. गाडी त्यांनी स्वतः कधी चालवली नव्हती, पण समितीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून अनेक ड्रायव्हरांकडून चालवून घेतली होती. तो अनुभव ते कुणालाही वाटायला तयार असत.

शुक्रवारी सकाळी तृप्तीला वाटलं, काल लागली म्हणजे आज लागेलच असं नाही. लागली. बंद केली. दुपारी ऊन तापलं, तेव्हा उन्हाचा काही परिणाम झाला असेल का, असं वाटून गेलं. झाला नव्हता. बंद केली. शनिवारी तर ती पाठाची तयारी करत होती, आठवीचा 'ज्वलन' हा धडा, आणि दर दोन परिच्छेदांनंतर उठून अंगणात जात होती. रविवारी नळाला पाणी आलं. त्यांच्या गल्लीत नळाचं पाणी जमिनीच्या वर चढत नाही, खड्ड्यात उतरून पाणी भरावं लागतं, आणि तो खड्डा बरोबर गाडीच्या खाली. गाडी चालू केली, दोन हात मागं घेतली, बंद केली. पाणी गेलं. चालू केली, दोन हात पुढं घेतली, बंद केली. प्रत्येक वेळी पहिल्या फटक्यात लागली. तृप्तीला त्या गाडीविषयी माया वाटायला लागली.

सोमवारी सकाळी ती कडक इस्त्रीची साडी नेसून, देवाला नमस्कार करून गाडीत बसली आणि चावी फिरवली.

इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पण लागलं नाही. खर्र खर्र खर्र असा आवाज, जसा काकासाहेब सकाळी घसा साफ करताना करतात तसा, आणि त्यातून काकासाहेबांसारखंच काही निघालं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग वास आला. पेट्रोलचा, चांगला पंपावर उभं राहिल्यासारखा.

तृप्तीनं आधी ठमीला सासूबाईंबरोबर आत पाठवलं. मग मोबाईलवर पेट्रोलचा वास आणि लहान मुलं असं काहीतरी शोधलं, जे वाचलं ते अर्ध्यातच बंद केलं आणि नवऱ्याला फोन लावला. रामप्रसाद जालन्याला बियाण्याच्या कंपनीत होता. रविवारी घरी आलेला, आज पहाटेच्या रेल्वेनं परत गेलेला. तो म्हणाला, बॅटरी बघ. त्याच वेळी काकासाहेब अंगणात येऊन म्हणाले, "बॅटरी गेली." बापलेकांचं एवढं एकमत तिनं लग्नात मानपानाच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

बॅटरी गेली असती तर इंजिन फिरलंच नसतं, असं तिला वाटत होतं. पण ती म्हणाली, "असेल." (तृप्तीला जे बरोबर वाटायचं ते ती नेहमी मनात म्हणायची. तोंडानं ती 'असेल' म्हणायची.)

मग काकासाहेब पुढच्या सीटवर येऊन बसले. त्यांनी सांगितलं, एक्सलेटर मार, बारीक बारीक मार, समितीचा ड्रायव्हर असाच मारायचा. तिनं मारला. वास वाढला. त्यांनी चोक ओढायला सांगितला. या गाडीला चोक नाही, असं ती म्हणाली. काकासाहेबांनी डॅशबोर्डच्या खाली हात घालून सगळीकडं चाचपून बघितलं आणि मग जुन्या गाड्या मजबूत होत्या, एवढंच बोलले.

पुढं धक्का. गल्लीतली चार माणसं आली. तृप्ती स्टेअरिंगवर बसली आणि गाडी पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. तिथून वळवून परत दारापर्यंत आली. इंजिनानं या सगळ्यात काही भाग घेतला नाही. तिच्या आजवरच्या ड्रायव्हिंगमधला तो सर्वांत शांत प्रवास होता. इंडिकेटरही तिनं बरोबर दिले.

साडेनऊला गॅरेजवाला माऊली आला. त्यानं बॉनेट उघडलं, एक प्लग काढला, हुंगला आणि तृप्तीसमोर धरला. प्लग नुकताच अंघोळ करून आल्यासारखा दिसत होता.

"ओव्हर झाली, वहिनी," तो म्हणाला. "पेट्रोल जास्त चाललंय आत. इंजेक्टर गळून राह्यला. गाडी सोडा माझ्याकडं."

"केव्हा मिळेल?"

"मिळंल की."

"मला अकराला आष्टीला पोचायचंय."

माऊलीनं आष्टीच्या दिशेला बघितलं आणि ही अवघड गोष्ट आहे अशा अर्थाचा एक सुस्कारा सोडला. तोवर प्लग उन्हात वाळत घालू, असं त्यानं सुचवलं. पण सासूबाई उषाबाईंना उन्हाच्या गतीनं होणारी कामं पटत नाहीत. त्यांनी चारही प्लग उचलले, चुलीवर भाकरीचा तवा ठेवून त्यावर मांडले आणि उचटण्यानं उलटेपालटे करायला लागल्या. (हा उपाय मूर्खपणाचा नाही, माऊलीनं मान्य केलं, गॅरेजमध्येही करतात. फक्त तिथं तव्याला आधी तेल लावत नाहीत.)

प्लग भाजून होईपर्यंत तृप्ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून मोबाईलवर वाचत होती. आणि वाचता वाचता तिला एक परिच्छेद सापडला. तिनं तो मोठ्यानं, मराठी करत वाचला: इंजेक्शनच्या गाडीत इंजिन थंड असताना चालू केलं की गाडी आपोआप जादा पेट्रोल सोडते. इंजिन तापलं की ते जळून जातं. पण तापायच्या आत बंद केलं, तर ते आतच राहतं. असं पुन्हा पुन्हा केलं की प्लग भिजतात.

"हां, तसंबी होतं," माऊली म्हणाला. "पर चालू करायची अन् लगेच बंद करायची, असं येड्यासारखं कोण करल वहिनी?"

तव्यावर एक प्लग फुसफुसला.

"मी केलं," तृप्ती म्हणाली.

"किती येळा?"

"नुसतं चालू होते का बघितलं. थोडं थोडं."

तिला वाटलं, आता जमीन पोटात घेईल तर बरं. पण तेवढ्यात काकासाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, की ते पण रोज पहाटे फिरून आले की एकदा लावायचे. "तुझ्याच पाठासाठी. लागली का बंद. दुसरं काई न्हाई केलं."

माऊलीनं मान हलवली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की उषाबाई काही बोलत नाहीयेत आणि एकच प्लग बराच वेळ परतत राहिल्यात.

"आई?" तृप्ती म्हणाली.

"ती पोरगी जेवत न्हाई," उषाबाई म्हणाल्या. "गाडीचा आवाज आला का आ करती. मंग मी तिला मांडीवर घेऊन गाडीत बसायचे. एक डाव चावी, एक घास."

"पूर्ण वाटी?"

"चार दिवसापासून वाटी रिकामी होऊन राह्यली का न्हाई? तूच म्हणत होतीस, ठमी जेवायला लागली म्हणून."

ती तसं म्हणाली होती. शेजारी द्वारकाबाईंनाही तिनं अभिमानानं सांगितलं होतं. म्हणजे ठमी एक घास खायची आणि इंजिन एक घोट प्यायचं, आणि दोघांचंही अंग भरत चाललं होतं. राहता राहिला रामप्रसाद. तृप्तीनं त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, आल्यावर एकदा बघितली, झोपायच्या आधी एकदा, आणि पहाटे निघताना एकदा. "तुझ्यासाठीच गं. चांगली लागत होती."

एवढ्या माणसांनी एवढ्या मायेनं एका गाडीची एवढी चौकशी केली होती, की ती गाडी कुणाचीही असती तरी बुडालीच असती.

"मंग इंजेक्टर चांगलाय म्हणायचा," माऊली जरा उतरल्या आवाजात म्हणाला, आणि त्यानं गरम प्लग फडक्यात गुंडाळले.

प्लग बसवले. चावी फिरवली. खर्र खर्र. आत अजून ओल होती. घड्याळ दहाकडं सरकत होतं. तृप्तीनं मोबाईलवरचा पुढचा परिच्छेद वाचला आणि तिचा स्वतःवर विश्वास बसेना. एक्सलेटर अगदी तळापर्यंत दाबून धरायचा आणि मग चावी फिरवायची.

काकासाहेब ऐकून थक्क झाले. "आधीच पेट्रोल जास्त झालंय म्हणती, अन् वरून पुरा एक्सलेटर?"

"आबा, पूर्ण दाबला की गाडीला कळतं, की जास्त झालंय. मग ती पेट्रोल सोडायचं बंद करते. नुसती हवा जाते, आतलं वाळतं."

"मंग अर्धा दाबला तर काय कळतं?"

"अर्धा दाबला तर तिला वाटतं, आपल्याला घाई आहे."

काकासाहेबांनी यावर विचार केला. "पेट्रोल जास्त झालं, हाच रोग ना पर?"

"हाच."

"बराबर सांगती का तू?"

आयुष्यात पहिल्यांदा तृप्ती 'असेल' म्हणाली नाही. ती म्हणाली, "हो. रोग पेट्रोल जास्त झाल्याचा आहे. कमी झालं की गाडी बरी." काकासाहेबांनी हे वाक्य नीट ऐकून घेतलं.

तिनं एक्सलेटर दाबला, चावी फिरवली. काही झालं नाही. माऊलीनं दारातून वाकून तिच्या पायाकडं बघितलं आणि सांगितलं, की पाय तळाला टेकलेला नाही. तो टेकेना. तृप्तीनं आजवर कुठलीच गोष्ट तळापर्यंत दाबली नव्हती. टूथपेस्टची ट्यूबसुद्धा ती मधूनच दाबायची. तिनं डोळे मिटले, पाठ सीटला लावली आणि सगळं वजन पायावर टाकलं. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. एक लांब उचकी दिली. आणि मागून काळ्या धुराचा असा लोट निघाला, की द्वारकाबाईंनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी पांढऱ्या राहिल्या नाहीत. त्या धुरातून इंजिन भोंग्यासारखं ओरडत चालू झालं.

गल्लीत टाळ्या पडल्या. तृप्तीचा ऊर भरून आला, तिला हायसं वाटलं, आणि सवयीनं तिनं चावी बंद केली.

टाळ्या थांबल्या. माऊलीनं टोपी काढून पुन्हा घातली.

दुसऱ्यांदा गाडी लागली तेव्हा काकासाहेब सगळ्यात आधी आत घुसले, पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी चावीवर पंजा ठेवला. "आता मी येतो संगं," ते म्हणाले. "चावीला हात लावायचा न्हाई. शाळंत गेलीस तरी गाडी चालूच राहील. मी बसून राहतो."

आष्टीपर्यंत त्यांनी तो पंजा उचलला नाही. बोलले मात्र एक अक्षर नाही, कारण गाडी चालवताना माझ्याशी कुणी बोलायचं नाही, हा तृप्तीचा नियम होता आणि तो घरात सगळे पाळायचे. (एकदा रामप्रसादनं 'म्हैस' एवढाच शब्द उच्चारला होता, तर गाडी सरळ शेतात गेली होती. म्हैस रस्त्यावरच राहिली.)

अकराला पाच कमी असताना गाडी शाळेच्या लिंबाखाली उभी राहिली, चालू. तृप्ती आत गेली. मागच्या बाकावर मुख्याध्यापक बसले होते, उंच, शांत आणि न हसणारे. ज्वलनाला काय काय लागतं, हे तिनं शिकवायला घेतलं. विषय तिला आज नको इतका जवळचा होता. पण दर वाक्यानंतर ती थांबायची आणि खिडकीकडं कान द्यायची. इंजिनाचा आवाज आला की पुढचं वाक्य. मुलंही तिच्याबरोबर थांबून कान द्यायला लागली. शेवटी शेवटी सगळा वर्गच ऑक्सिजनपेक्षा गाडीत जास्त रस घ्यायला लागला. तास संपला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "कळवतो."

'कळवतो'चा अर्थ तृप्तीला माहीत होता. लग्नाआधी तिला बघायला आलेली पहिली माणसंही तसंच म्हणून गेली होती. ती परत आली नाहीत, रामप्रसादच्या घरचे आले ते नंतर.

आणि तेव्हाच बाहेरचा आवाज थांबला.

ती धावतच लिंबाखाली गेली. मागून मुख्याध्यापक, दोन शिक्षक आणि आख्खी आठवी. काकासाहेब सीटवर ताठ बसले होते, पंजा चावीवर. त्यांनी शपथेवर सांगितलं, की चावीला त्यांनी धक्काही लावलेला नाही, गाडी आपली आपण थांबली. तृप्तीनं एक खोल श्वास घेतला. आता ती घाबरली नाही. रोगाशी तिची ओळख झाली होती. ती गाडीत बसली, पाय एका दमात तळाला टेकवला, चावी फिरवली, आणि इंजिन खर्र खर्र करत असताना खिडकीतून मुख्याध्यापकांना समजावून सांगायला लागली. थंड इंजिन, जादा पेट्रोल, भिजलेले प्लग, हवेचं प्रमाण. ती थांबली नाही, अडखळली नाही, कान कुठं दिला नाही. आठवीची मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. तिला स्वतःलाच जाणवलं, की खरा पाठ हा झाला.

मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. मग वाकून आत बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हा काटा इथंच असतो का?"

पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता. तिच्या पायासारखाच. त्याच्याखाली एक पिवळा दिवा शांतपणे जळत होता.

"आबा," तृप्तीनं हळू आवाजात विचारलं, "काटा खाली गेलेला दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की. अर्ध्या वाटंपासून बघून राह्यलो."

"मग बोलला का नाहीत?"

"गाडी चालवताना बोलायचं न्हाई. अन् इथं आल्यावर कामून बोलू? तूच म्हणलीस, रोग पेट्रोल जास्त झाल्याचा हाय, कमी झालं की गाडी बरी. काटा जसा जसा खाली येऊन राह्यला, तसा तसा मला धीर आला. मंग दिवा लागला. म्हणलं, चला, उतरलं एकदाचं."

मुख्याध्यापकांनी काकासाहेबांकडं बघितलं. मग तृप्तीकडं वळले.

"मॅडम, तुमचं शिकवलेलं समोरच्यापर्यंत पोचतं की नाही, याची मला शंका होती," ते म्हणाले. "ती राहिली नाही. सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत इतकं घट्ट धरून ठेवणारा विद्यार्थी माझ्या शाळेत एकही नाही. पुढच्या सोमवारपासून या. बस इथं फाटकासमोरच थांबते."

तृप्तीनं धास्तावून सासऱ्यांकडं बघितलं. अट त्यांची होती. काकासाहेबांनी चावीवरचा पंजा पहिल्यांदा उचलला, बोटं मोडली आणि म्हणाले, "बसच बरी. तिची चावी आपल्या घरात नसती."

मुलं वर्गाकडं पळाली. मुख्याध्यापक फाटकापर्यंत गेले, थांबले आणि काहीतरी राहिल्यासारखे मागं फिरले.

"फक्त एक, विज्ञान नको," ते म्हणाले. "तुम्ही इतिहास घ्या. तो ऐकून कुणी काही करून बघत नाही."